माणशी साठ ग्राम

चक्कीवाल्याला कुणी गोष्ट विचारत नाही. "झालं का?" एवढंच विचारतात. धुळ्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची चक्की आहे. वडिलांनी सुरू केली, आता मी चालवतो. गल्लीतल्या कुठल्या घरात पाहुणे आले, कुणाचा पोरगा हॉस्टेलला गेला, कोण डॉक्टरच्या सांगण्यावरून गहू सोडून ज्वारीवर आलं, हे मला त्या घरच्या शेजाऱ्याच्या आधी कळतं. डब्यात काय आहे आणि किती आहे, यावरून सगळं कळतं. आणि कळलं की माझ्या पोटात राहत नाही, हा माझा जुना आजार.

त्यात चक्कीवाल्याला हळू बोलता येत नाही. दिवसभर दगडांच्या घरघरीवर मात करून बोलायचं, म्हणून आवाज कायमचा वर चढलेला. माझी बायको म्हणते, "तुम्ही घरात मीठ मागितलं तरी चौकातला माणूस घेऊन येईल." तिचं हे बोलणं मी वर्षानुवर्षं लोकांना हसवण्यासाठी सांगत आलो. आज ते लिहिताना हसू येत नाही. का, ते पुढे येईल.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगतो. धान्य घरातून मापानं निघतं आणि चक्कीत वजनानं शिरतं. बाईला डबा माहीत असतो, मला किलो माहीत असतो. "डबाभर गहू टाकले," ती म्हणते. "साडेनऊ किलो," मी म्हणतो. तोच डबा बाजरीनं भरा, वजन वेगळं. त्यात दळून आलेलं पीठ भरा, आणखी वेगळं. ताजं पीठ गरम असतं, फुगलेलं असतं. डबाभर गव्हाचं पीठ त्याच डब्यात मावत नाही, वर पिशवीत द्यावं लागतं. दोन दिवसांनी तेच पीठ बसतं, आणि मग भांडणं सुरू होतात.

कॉलनीतल्या एक शिक्षिका अशाच आल्या होत्या. डबा माझ्यासमोर आदळला. "भाऊ, दळून नेलं तेव्हा डबा काठोकाठ होता. घरी कुणी हात लावला नाही. आता बघा, चार बोटं खाली! पीठ गेलं कुठं?"

मी काटा पुढे ओढला, डबा वर ठेवला. नेला तेव्हाचा आकडा वहीत होता, तोच आकडा काट्यावर आला. मग मी ताज्या पिठाचा दुसरा एक डबा घेतला, रांगेतल्या सगळ्यांना जवळ बोलावलं, आणि तो फरशीवर धप, धप, धप असा तीनदा आपटला. पीठ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चार बोटं खाली गेलं. "मॅडम, हा बघा तुमचा चोर!" मी म्हणालो. रांग खदखदून हसली. मॅडमही हसल्या. त्या दिवसापासून मी आणि माझा इलेक्ट्रॉनिक काटा, आमची जोडी जमली.

एक नवी सून मोबाइलवर केकची कृती बघून विचारायला आली होती. "भाऊ, एक कप मैदा म्हणजे किती?" मी विचारलं, "कुठला कप? तुझ्या सासूबाईंच्या चहाचा की सासऱ्यांच्या?" तिनं घरी जाऊन सासऱ्यांचा घेतला, त्यात मैदा बोटांनी दाबून दाबून भरला, आणि जे भाजलं ते सासऱ्यांनी दाराला टेकू म्हणून वापरलं. दुसऱ्या दिवशी ती छोटा काटा विकत घेऊन आली आणि मला दाखवला. मला कोण अभिमान! मी रांगेला भाषणच दिलं. माप खोटं बोलतं, मूठ खोटं बोलते, वाटी खोटं बोलते. काटा खोटं बोलत नाही. अशी वाक्यं मी तेव्हा बोलायचो.

शेजारी बशीरभाईंचं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. ते ऐकून एवढंच म्हणायचे, "भाऊ, काटा बोलता नहीं. आप बोलते."

मी हसायचो.

आता कानबाईकडे येतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात कानबाई बसते. नारळाला देवी म्हणून सजवायचं, चौरंगावर बसवायचं, आणि रोट करायचे. रोट म्हणजे त्या दिवसाचा प्रसाद. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. त्यासाठीचा गहू कसा मोजायचा याची रीत घराघरांत थोडी वेगळी आहे, पण ज्या घराची ही हकिगत आहे त्यांच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. तान्ह्या मुलाच्या नावानंही. प्रत्येक घराची पोटली वेगळी येते आणि मग भाऊबंदांचं सगळं दळण एकत्र होतं.

त्या दळणासाठी आम्ही चक्की बंद ठेवतो. वरचा दगड उचलायचा, जुनं पीठ ब्रशनं काढायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं. तोवर बाया पोटल्या घेऊन बाकावर बसतात. चक्की बंद असल्यामुळे गल्लीत त्या दिवशी विलक्षण शांतता असते.

माझे वडील रोटाचं दळण तोलत नसत. त्याचे पैसेही घेत नसत, म्हणून तोलायचं कारण नव्हतं, असंच मी समजत होतो.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. दगड वाळत होते, बाया बसल्या होत्या, आणि माझ्या अंगात आलं. मी एक खेळ काढला. एका काकूंना म्हटलं, "काकू, पोटली काट्यावर ठेवा. आता माझ्या पोत्यातून तुमच्या हाताची एक मूठ शेजारच्या ताटलीत टाका. फक्त एक!" मुठीचं वजन घेतलं, पोटलीचं वजन घेतलं, मनात भागाकार केला, डोळे मिटले, हात वर केला आणि ओरडलो, "तुमच्या घरात सात पुरुष!"

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "सातच!"

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. हिशोब अगदी साधा आहे हो. पोटलीचं वजन भागिले एका मुठीचं वजन म्हणजे किती मुठी ते कळलं, आणि माणशी सव्वा मूठ धरली की माणसं कळली. पण मी ते सांगितलं नाही. मी गारुड्यासारखा बसलो. दुसरी पोटली तीन पुरुषांची निघाली, तीही बरोबर. तिसरी सुमनअक्कांची होती.

सुमनअक्का म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या. नाव बदललंय, बाकी सगळं खरं आहे. ऐन तारुण्यात नवरा गेला. तेव्हापासून थोरल्या दिरांच्या, म्हणजे आबांच्या घरात राहायच्या. घराचा स्वयंपाक त्यांच्याकडे, आणि म्हणून रोटाचा गहू मोजायचं कामही त्यांच्याकडे. मुकेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा सुरतला कामाला गेला आणि तिकडेच दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न करून राहिला. आबांनी भाऊबंदांची बैठक बोलावली आणि सांगितलं, या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही. हे गल्लीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच.

"मनी मूठ ल्हान शे भाऊ," अक्का संकोचून म्हणाल्या. पोटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. आता वाटतं, त्या ती द्यायला तयार नव्हत्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई, आबांच्या बायको विमलअक्का, हसत म्हणाल्या, "दे ना वं, पाहू भाऊले काय कळस ते!"

मूठ अठ्ठेचाळीस ग्राम भरली. पोटली तीनशे ग्राम. तीनशे भागिले अठ्ठेचाळीस, सव्वासहा मुठी. मी डोळे मिटले. हात वर केला. चक्की बंद होती आणि माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

"पाच पुरुष!"

टाळी कुणी वाजवली नाही.

"चारच शे ना आमनाकडे," विमलअक्का म्हणाल्या. त्या अजून हसतच होत्या. मग बोटांवर मोजू लागल्या. "आबा, दोन्ही पोऱ्या, नातू. चारच. चुकनं भाऊ तुनं!"

इथे थांबतो, कारण इथेच मला थांबता आलं असतं. "चुकलं बुवा!" एवढं म्हटलं असतं तर सगळ्या हसल्या असत्या. गारुड्याची फजिती झाली असती आणि दळण सुरू झालं असतं. मी सुमनअक्कांकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.  मला कळलं. पाचवा कोण ते मला त्या क्षणी कळलं. त्या चारांत त्यांचा स्वतःचा एकही माणूस नव्हता. रोटाच्या गव्हात त्या दरवर्षी मुकेशचं नाव मनात घेत होत्या आणि सव्वा मूठ टाकत होत्या.

आणि तरीही मी म्हणालो, "विमलअक्का, माणूस चुकेल. काटा चुकत नाही."

आणि पोटली पुन्हा तोलून दाखवली.

विमलअक्कांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी जावेकडे पाहिलं, मग पदराखालून फोन काढला. पाच मिनिटांत आबा मोटरसायकलवरून आले. काय झालं ते त्यांना त्यांच्या बायकोनं सांगितलं. सुमनअक्का बाकाच्या टोकाला उभ्या होत्या.

आबा ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी मध्ये पडलो असतो. त्यांनी पोटली सोडून गहू परातीत ओतला, दुसरी रिकामी परात मागितली, आणि म्हणाले, "चार माणसं, पाच मुठी. मी मोजतो. वर उरेल तेवढा बाजूला काढा." आणि आपल्या हातानं मोजायला लागले.

आबांचा हात म्हणजे जन्मभर नांगर धरलेला हात. एक मूठ. दोन. तीन. चार. पाचवी मूठ घ्यायला त्यांनी परातीत हात घातला, आणि गहू पुरला नाही. परातीच्या कडेचे दाणे बोटांनी गोळा करूनही ती मूठ भरली नाही. वर काहीच उरलं नाही. सुमनअक्कांनी पाच माणसांचा म्हणून घातलेला गहू आबांच्या मुठीनं चार माणसांनाही कमी पडत होता.

ते सगळ्यांनी पाहिलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सुमनअक्कांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आबांनी ती अर्धवट मूठ उघडली, तळहातावरच्या दाण्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले.

"काय रे भाऊ? तुना काटा काय सांगस?"

ही दुसरी संधी. पहिल्यापेक्षा सोपी. आबा स्वतःच दार उघडून उभे होते. मला फक्त म्हणायचं होतं, "आबा, काहीच उरलं नाही. सुमनअक्कांनी जास्त घातलंच नाही." आणि ते खोटंही नव्हतं. पण समोर वीस बाया होत्या. मघाशी दोनदा टाळ्या घेतल्या होत्या. काट्यावरचं माझं भाषण गल्लीला पाठ होतं. मी घसा साफ केला आणि एखाद्या मास्तरासारखं समजावून सांगितलं, "आबा, प्रत्येकाची मूठ वेगळी असते. तुमची बासष्ट ग्रामची असेल. अक्कांची अठ्ठेचाळीसची आहे. त्यांच्या मुठीनं हे पाचच माणसांचं आहे."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिला मी "काट्यानं घोळ केला" असं सांगितलं.

आबांनी हात झटकला. दाणे परातीत पडले. "मग यापुढं मूठ नको," ते म्हणाले. "सव्वा मूठ म्हणजे किती ग्राम?"

"साठ," मी म्हणालो. अठ्ठेचाळीस आणि वर बारा. लगेच सांगितलं. आकड्यात मी हुशार आहे.

"माणशी साठ ग्राम," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सगळ्या भाऊबंदांनी दुकानातून तोलून आणायचं. आमच्या घरचं विमल आणेल." तो गहू त्यांनी गोठ्यातल्या गाईला घालायला सांगितला. विमलअक्का नवा गहू आणायला निघाल्या. सुमनअक्कांनी रिकामं फडकं झटकलं, चार घड्या घातल्या, कमरेला खोचलं आणि जावेच्या मागून चालू लागल्या. माझ्या दुकानाच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला, तेव्हा कुणीतरी "सांभाळून" म्हणालं. तो आवाज माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाई चहाचा ग्लास घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. त्यांनी सगळं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. चहा संपवला. मग म्हणाले, "काटा ठीक है भाऊ. मैंने ही तो रिपेअर किया है. उसको किसने पूछा था?"

त्यानंतर दरवर्षी त्या भाऊबंदांचं रोटाचं दळण माझ्याकडेच येत राहिलं. मला वाटलं होतं, चक्की बदलतील. नाही बदलली. मीच तर त्यांना नियम दिला होता. पोटल्या बंद झाल्या. किराणा दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यायला लागल्या, वर पेनानं आकडा. १८०. २४०. ४२०. बाकावर बसलेल्या बाया आता माणसांची नावं घेत नाहीत, ग्राम सांगतात. साठ हा आकडा कुठून आला ते त्यातल्या नव्या सुनांना माहीतही नाही. तो सुमनअक्कांच्या मुठीचा आकडा आहे. त्यांचीच मूठ मोजून मी त्यांच्या हातातून काढून घेतली.

वडील रोटाचं का तोलत नव्हते, ते मला तेव्हा समजलं. त्यांना विचारायला ते राहिले नव्हते. मी एक पाटी रंगवून घेतली, "रोटाचे दळण तोलले जाणार नाही", आणि श्रावण लागला की ती दारात टांगायला लागलो. त्या दिवशी काटा कपाटात ठेवतो. खेळ केव्हाच बंद झाला. काही बाया अजून म्हणतात, "भाऊ, करा ना तुमची जादू!" मी दगड पुसत बसतो.

दोन वर्षांपूर्वी आबा गेले. त्याच वर्षी त्यांच्या धाकट्या मुलाला मुलगा झाला, म्हणजे घरात पुरुष पुन्हा चारच. नियम तसाच राहिला. यंदा विमलअक्कांचे गुडघे धरले होते, म्हणून इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सुमनअक्का एकट्या आल्या. पहिल्याच. अजून कुणी आलं नव्हतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, वर २४०.

मी दगड पुसत होतो. उठून उभा राहिलो. एवढी वर्षं मनात घोकलेलं सगळं बोलायचं होतं. चौकापर्यंत जाणारा माझा आवाज मी खाली आणला. हात जोडले आणि म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी चुकलो. मला कळलं होतं. कळूनही बोललो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दारातली पाटी वाचत होत्या, एकेक अक्षर लावून. वाचून झाली तशा म्हणाल्या, "आते पाटी लाईसन काय करशी भाऊ? दुकानथीनच तोलीसन आणेल शे."

त्या रागावून बोलल्या नाहीत. डबा गळतो, गहू ओला आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मग बाकावर बसल्या. मी विचारलं, मुकेश कसा आहे. "बरा शे," म्हणाल्या. "त्याले पोऱ्या शे आते. शाळामा जास." मी विचारलं, ही गोष्ट लिहू का, नावं बदलून. त्यांनी थोडा विचार केला. "लिख," म्हणाल्या. "पन यावर कोनले हसाडू नको."

म्हणून मॅडमच्या डब्यावर आणि सासऱ्यांच्या कपावर जेवढं हसायचं तेवढं वर हसून घेतलं. इथून पुढे नाही.

दगड वाळले होते. मी चक्की बसवली. कोपऱ्यात माझ्या घरच्या गव्हाचं पोतं तोंड उघडं टाकून ठेवलेलं होतं, नेहमीच असतं. सुमनअक्का पिशवी घेऊन उठल्या आणि दळण एकत्र करायच्या परातीकडे निघाल्या. चालता चालता पोत्यापाशी थांबल्या.

मी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते वाचत राहिलो. चक्की अजून सुरू केली नव्हती, त्यामुळे गल्लीत शांतता होती, आणि त्या शांततेत परातीत पडणारा दाणान् दाणा ऐकू येत होता. मुठी मोजायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात.

मग त्या म्हणाल्या, "व्हयनं भाऊ. चालू कर."

किती मुठी पडल्या ते मला माहीत आहे. ते मी सांगणार नाही.